दंडावरची खूण

(संस्थेच्या वार्षिक स्नेहसंमेलनात, सर्वसाधारण सभेच्या आदल्या दिवशी झालेले व्याख्यान. सभासदांच्या इच्छेवरून येथे देत आहोत.)



आपल्या कार्यकारी मंडळाने यंदाच्या संमेलनासाठी आम्हांस विषय नेमून दिला तो 'विश्वशांती आणि मानवी ऐक्य' हा. पत्र हाती आले तेव्हा आम्हांस प्रथम संकोच वाटला. आम्ही उभा जन्म खेड्यापाड्यांतील शाळांत मुलांना बाराखडी आणि पाढे शिकविण्यात घालविला. राष्ट्राराष्ट्रांमधील तह आणि करार हा आमच्या अधिकाराचा प्रांत नव्हे. शिवाय हे शब्दच इतके भव्य आहेत की उच्चारणाऱ्यावर त्यांचे काही ओझे पडत नाही. सर्व जगात शांती नांदो असे म्हणावयास काही खर्च येत नाही. शेजाऱ्याशी चाललेला बांधाचा तंटा मिटवावयाचा झाला तर मात्र येतो. अखिल मानवजात आम्हांस प्रिय आहे असे सांगणारा गृहस्थ जिन्यात भेटलेल्या भाडेकरूस ओळख देत नाही, हे आपण सर्वांनी पाहिले आहे.

आत्ताच आपण सर्वांनी उभे राहून पसायदान म्हटले. आपल्या प्रत्येक सभेचा आरंभ त्यानेच होतो. ज्ञानेश्वर महाराजांनी एवढा मोठा ग्रंथ सिद्धीस नेल्यावर जे मागणे मागितले त्यात स्वतःसाठी, स्वतःच्या कुळासाठी वा जातीसाठी एक अक्षरही नाही. आणि ज्या महाराजांना व त्यांच्या भावंडांना त्यांच्याच ज्ञातीने संन्याशाची पोरे म्हणून दूर लोटले होते, त्यांनी ते मागितले आहे. ज्ञातीच्या सभेत हे मागणे म्हणताना आपण नेमके काय म्हणत असतो, याचा विचार आज करावा असे आम्ही योजिले आहे. मात्र तो आकाशात हात पसरून न करता, जे आपल्या घरात आणि आपल्या अंगावर आहे तेथून करू.

'अंगावर' हा शब्द आम्ही अक्षरशः वापरीत आहोत. या सभेत जी मंडळी पन्नाशीच्या पुढची आहेत, त्यांपैकी बहुतेकांच्या दंडावर किंवा हातावर एखाद-दोन वाटोळे, किंचित खोलगट वण असतील. ती देवी टोचल्याची खूण. तरुण मंडळींच्या डाव्या दंडावरही एक लहानसा वण असतो, पण तो क्षयाच्या लशीचा; देवीची खूण त्यांच्या अंगावर नाही. ती का नाही, आणि आमच्या अंगावर का आहे, एवढीच कथा आज सांगावयाची आहे. जगाचे ऐक्य म्हणजे काय याचा याहून जवळचा दाखला आम्हांस ठाऊक नाही. आपण तो रोज स्नानाच्या वेळी पाहतो आणि विसरतो.

देवीचा रोग म्हणजे काय हे आता सांगावे लागते, ही केवढी भाग्याची गोष्ट! आमच्या लहानपणी ते सांगावे लागत नसे. प्रत्येक गावात वणांनी चाळण झालेले चार-दोन चेहरे असत, एखाद्याचा डोळा गेलेला असे. समोरच्या भिंतीवर आपल्या संस्थापकांचे जे तैलचित्र आहे, ते जवळ जाऊन पाहा. चित्रकाराने त्यांच्या गालांवरचे वण झाकलेले नाहीत. या रोगास आपण देवीचे नाव दिले, कारण त्याच्यापुढे माणसाचे काही चालत नसे. दारावर कडुनिंबाचा टाळा लागला, घरातील फोडणी बंद झाली, थंड दहीभाताचा नैवेद्य निघाला, म्हणजे या घरी देवी आल्या आहेत हे गाव ओळखी. विसाव्या शतकात या एका रोगाने जगात सुमारे ३० कोटी माणसे नेली असा तज्ज्ञांचा अंदाज आहे. त्या शतकातील दोन्ही महायुद्धांत मिळूनही इतकी माणसे मेली नाहीत.

या शत्रूवर जय कोणी मिळविला? पाठ्यपुस्तकात एका इंग्रज डॉक्टराचे नाव असते, आणि आम्हीही मुलांकडून तेच घोकून घेतले. ते खोटे नाही, परंतु अपुरे आहे. देवीच्या फोडातील द्रव्य निरोगी माणसास थोडेसे टोचले तर रोग बहुधा सौम्य येतो आणि पुन्हा येत नाही, हे ज्ञान युरोपास ठाऊक होण्यापूर्वी पूर्वेकडे ठाऊक होते. बंगालमध्ये टीकादार नावाचे लोक गावोगाव हिंडून हे काम करीत. तुर्कस्थानात ते म्हाताऱ्या बायका करीत. इंग्रज वकिलाची पत्नी मेरी माँटेग्यू हिने ते तेथे पाहिले आणि १७२१ साली लंडनमध्ये आपल्या मुलीस तसे टोचून घेतले. त्याच वर्षी अमेरिकेत बोस्टन शहरी साथ आली. आफ्रिकेतून पकडून नेलेल्या ओनेसिमस नावाच्या गुलामाने आपल्या मायदेशातील हीच रीत धन्यास सांगून ठेवली होती, ती त्या साथीत उपयोगी पडली. ज्याला बाजारात विकत घेतले, त्याने विकत घेणाऱ्यांच्या मुलांचे प्राण वाचविण्याची युक्ती सांगितली!

पुढे इंग्लंडातील बर्कली या खेड्यात एडवर्ड जेन्नर या डॉक्टराने गवळ्यांच्या वस्तीत एक गोष्ट ऐकली. गाईच्या सडांवर येणारे फोड ज्या गवळणींच्या हातांना होतात त्यांना देवी येत नाहीत, असे तेथे लोक म्हणत. १४ मे १७९६ रोजी त्याने सारा नेल्म्स नावाच्या गवळणीच्या हातावरील फोडातील द्रव्य जेम्स फिप्स नावाच्या आठ वर्षांच्या मुलास टोचले. हा मुलगा एका माळ्याचा. तेव्हा या विद्येच्या मुळाशी गाय आहे, गवळण आहे, माळ्याचे पोर आहे, गुलाम आहे आणि म्हाताऱ्या आहेत. जेन्नरचे मोठेपण हे की, ज्यांचे बोलणे विद्वान ऐकत नसत त्यांचे त्याने ऐकले आणि ते पारखून घेतले. इंग्लंड व फ्रान्स यांचे तेव्हा युद्ध जुंपले होते. तरीही १८०० साली ही लस फ्रान्समध्ये पोचली होती.

आता ती आपल्याकडे कशी आली ते ऐका. तेव्हा बर्फपेट्या नव्हत्या, आगबोटी नव्हत्या. जहाजातून कुपीत पाठविलेली लस उष्णतेने निकामी होई. तेव्हा एकच मार्ग राहिला: एका माणसाच्या दंडावरील फोडातून दुसऱ्याच्या दंडावर, दुसऱ्याच्या दंडावरून तिसऱ्याच्या. व्हिएन्नाहून निघालेली लस बगदादेस आली, तेथून बसऱ्यास आली आणि बसऱ्याहून जहाजाने मुंबईस. १४ जून १८०२ रोजी मुंबईत अ‍ॅना डस्टहॉल नावाच्या तीन वर्षांच्या मुलीस ती लागू पडली. त्या एका पोरीच्या दंडावरून ती मुंबईतील इतर मुलांना दिली गेली, आणि मग दख्खनेत व पुढे मद्रास-सिलोनपर्यंत गेली. पुढच्याच वर्षी स्पेनहून एक जहाज अमेरिकेस निघाले. त्यावर २२ अनाथ मुले होती. समुद्रप्रवासात पाळीपाळीने एकेकास टोचून त्यांनी ती लस जिवंत पैलतीरी नेली. त्या पोरांना कोणी विचारले नाही की, तुमची इच्छा आहे काय. तो दोष त्या काळाच्या माथी आहेच. परंतु पैलतीरीच्या असंख्य मुलांचे प्राण त्यांच्या हातांवरून गेले, हेही तितकेच खरे.

ही दंडांची साखळी डोळ्यांपुढे आणा. तीत कोठेही एक कडी तुटली तर लस तेथेच संपे. साखळीत पुढचा दंड कोणत्या धर्माचा, कोणत्या वर्णाचा, हे विचारून भागत नसे.

आणि नेमके येथेच, बंधुभगिनींनो, आपला देश अडखळला. दुसऱ्याच्या अंगातील पाणी आपल्या अंगात घ्यावयाचे, तो दुसरा कोण, कोणत्या जातीचा, असे प्रश्न ठिकठिकाणी उठले. लस अनेकदा गरीब आणि खालच्या मानलेल्या जातींच्या मुलांच्या दंडांवरून पुढे न्यावी लागे, म्हणून वरच्या म्हणविणाऱ्यांनी घरांची दारे लावून घेतली. पुढे वासराच्या अंगावर लस तयार होऊ लागली आणि आपल्या मराठी मुलुखासाठी ती बेळगावच्या 'व्हॅक्सीन डेपो'त बनू लागली, तरी मनातील किंतु गेला नाही. एक कारण गेले की मन दुसरे शोधते.

हे आम्ही इतरांविषयी बोलत नाही. आता जे सांगणार आहोत ते आमच्याच घरचे आहे. सत्तर वर्षांहून अधिक काळ आम्ही ते चार माणसांत बोललो नाही. आज बोलतो, कारण ज्यांना त्याने दुःख झाले असते ती सारी माणसे आता गेली आहेत.

साल १९५१. कृष्णाकाठच्या आमच्या गावी वर्षातून एकदा देवी डॉक्टर येत. खाकी डगला, सायकल, कॅरियरला बांधलेली पत्र्याची पेटी. मारुतीच्या पारावर बसून ते गावची मुले बोलावीत. फिरकीसारखे एक लहानसे हत्यार ते दंडावर टेकवून फिरवीत, आणि पोरे आकांत करीत. त्या वर्षी जे आले ते नवे होते. ज्या समाजाची सावलीदेखील आमच्या घरी तेव्हा विटाळ मानली जाई, त्या समाजातून शिकून वर आलेले ते गृहस्थ होते. आम्ही सहा वर्षांचे होतो. आम्हांस आणि थोरल्या बंधूंस आजोळी पूर्वीच टोचले होते. राहिली होती ती दोन वर्षांची धाकटी बहीण. तिला घरात सारे छकुली म्हणत.

आजीने विचारले, "दुसरा कोणी धाडायला मिळाला नाही का सरकारला?" आणि ती छकुलीला घेऊन माजघरात कणगीमागे बसली. दारात उभ्या राहिलेल्या त्या गृहस्थांना वडिलांनी सांगितले की, पोरगी आजोळी गेली आहे. त्यांनी वहीत तसे लिहिले. ते काही बोलले नाहीत, पण त्यांनी माजघराच्या दाराकडे एकदा पाहिले, ते आम्हांस आठवते. कारण त्याच वेळी छकुली आतून हसली होती.

वैशाखात गावात देवी आल्या. आधी कुंभारआळीत, मग आमच्या आळीत, मग आमच्या घरी. दाराला निंबाचा टाळा लागला. आजीने जे जे करावयाचे ते सारे केले. तिच्या मायेत काही उणे नव्हते, हे आम्ही मुद्दाम सांगतो. बाराव्या दिवशी छकुली गेली.

त्यानंतर चार दिवसांनी, साथीची वर्दी लागल्यामुळे, तेच देवी डॉक्टर पुन्हा गावात आले. चुलत्यांची दोन लहान मुले टोचावयाची राहिली होती. ते पूर्वीप्रमाणेच पायरीखाली उभे राहिले. आजी बाहेर आली. तिने त्यांना ओसरीवर बोलावले, घोंगडे टाकले, आणि दोन्ही मुले एकामागून एक स्वतःच्या मांडीवर घेऊन त्यांचे दंड घट्ट धरून ठेवले. काम झाल्यावर तिने घरातल्या पितळी तांब्यातून त्यांना पाणी दिले. ते प्यायले. त्यांनी वही काढून छकुलीचे नाव विचारले आणि राहिलेल्यांच्या यादीतून ते काढून टाकले. ते गेल्यावर आम्ही पाहत होतो: आजीने तो तांब्या विस्तवातून काढला नाही. नेहमीप्रमाणे राखेने घासला आणि नेहमीच्या जागी पाणवठ्यावर ठेवला. आजी हयात असेपर्यंत आमच्या घरी त्यानंतर कोणाचेही पाणी वेगळ्या भांड्यात दिले गेले नाही. तिने त्याविषयी कधी एक शब्द काढला नाही.

एवढी लहान गोष्ट शिकावयास आमच्या घरास एवढी मोठी किंमत मोजावी लागली. विश्वशांतीवर व्याख्यान द्या असे आम्हांस सांगितले, तेव्हा आमच्या डोळ्यांपुढे पृथ्वीचा गोल आला नाही. तो तांब्या आला.

आता उरलेली कथा. १९५८ साली जागतिक आरोग्य संघटनेच्या परिषदेत रशियाचे प्रतिनिधी व्हिक्टर झ्दानोव्ह यांनी सूचना मांडली की, हा रोग पृथ्वीवरून समूळ नाहीसा करावा. आपल्या देशाने १९६२ मध्ये राष्ट्रीय मोहीम सुरू केली. त्याच १९६२ च्या ऑक्टोबरात क्यूबातील क्षेपणास्त्रांवरून अमेरिका आणि रशिया यांनी जगास अणुयुद्धाच्या कड्यावर नेऊन उभे केले होते. १९६७ साली जगभराची मोहीम जोराने सुरू झाली, तेव्हा ३१ देशांत हा रोग ठाण मांडून होता. मोहिमेचे नेतृत्व डोनाल्ड हेंडरसन या अमेरिकन डॉक्टराकडे होते, आणि लशीचा फार मोठा वाटा रशियाने दान दिला होता. जी दोन राष्ट्रे एकमेकांवर अण्वस्त्रे रोखून बसली होती, तीच दोन्ही बिहारातील एका झोपडीच्या दारात एकत्र येत होती. उष्णतेत टिकणारी कोरडी लस इंग्लंडमध्ये सुधारली गेली, दोन टोकांची साधी सुई अमेरिकेत निघाली, आणि ती सुई हाती धरून दंडावर पंधरा वेळा टोचणारे हात आपल्या खेड्यांतील कामगारांचे होते.

हे काम सोपे झाले असे समजू नका. १९७१ च्या युद्धानंतर बांगलादेशात परतणाऱ्या निर्वासितांबरोबर, तेथून हटलेला रोग पुन्हा गेला. युद्ध आणि साथ यांची मैत्री जुनीच आहे. १९७४ साली आपल्या देशात एक लाखाहून अधिक लोकांना देवी आल्या, आणि सर्वांत मोठा कहर बिहारात झाला. तेव्हा कार्यकर्त्यांनी एक निराळा मार्ग कसोशीने पाळला. सरसकट सर्वांना टोचण्यावर न विसंबता, रोगी शोधावयाचा आणि त्याच्या भोवतालच्या प्रत्येकास टोचावयाचे. त्यासाठी हजारो माणसे देवीच्या रोग्याचे चित्र असलेले कार्ड हाती घेऊन दारोदार फिरली: "असा कोणी आजारी पाहिलात का?" वर्दी देणाऱ्यास बक्षीस असे, ते वाढत वाढत १००० रुपयांवर गेले. एक घर वगळले तर चालत नसे. मंत्र्याचे नाही, मुसहराचे नाही, भिकाऱ्याचे नाही. मे १९७५ मध्ये भारतातील शेवटच्या रोग्याची नोंद झाली. ऑक्टोबर १९७७ मध्ये सोमालियातील मेर्का गावच्या रुग्णालयातील स्वयंपाकी, अली माओ मालिन, यास देवी आल्या आणि तो बरा झाला. निसर्गतः देवी आलेला पृथ्वीवरचा तो शेवटचा माणूस. हा स्वयंपाकी पुढे पोलिओच्या मोहिमेत दारोदार फिरला, आणि लस न घेण्याची आपली चूक लोकांस सांगत राहिला. त्याच कामावर असता २०१३ साली तो हिवतापाने गेला. ८ मे १९८० रोजी जगाने जाहीर केले की, देवी संपल्या. म्हणून तरुण मंडळींच्या दंडावर ती खूण नाही. त्यांच्या कोऱ्या दंडावर साऱ्या जगाची सही आहे, ती फक्त दिसत नाही.

या कथेवरून आम्ही काय शिकलो ते थोडक्यात सांगतो. पहिली गोष्ट अशी की, माणसे एक झाली ती एकमेकांवर प्रेम जडल्यामुळे नव्हे. हेंडरसन आणि झ्दानोव्ह यांची राष्ट्रे शेवटपर्यंत एकमेकांची वैरी राहिली. ती एक झाली ती एका कामापुरती, आणि ते काम सर्वांत दूरच्या दारापर्यंत नेले म्हणून. प्रेम आधी उत्पन्न होईल, मग दार उघडू, असे म्हणत बसलो तर दार कधीच उघडणार नाही. आजीनेही आधी दार उघडले; मन मागाहून आले असेल. दुसरी गोष्ट अशी की, ऐक्याची परीक्षा मधल्या घरात होत नाही, वगळलेल्या घरात होते. आणि तिसरी, ही सावधगिरीची: देवीचे विष जगातून अजून पूर्ण गेलेले नाही. ते अमेरिकेत एका आणि रशियात एका प्रयोगशाळेत कुलपात ठेवलेले आहे, कारण दोघांचाही एकमेकांवर विश्वास नाही. म्हणजे रोग जिंकला, पण संशय जिंकता आला नाही.

हा संशय आपल्या ओसरीवर किती आहे? २०२१ च्या उन्हाळ्यात करोनाच्या साथीत प्राणवायूचे नळकांडे मिळावे म्हणून आपण रात्रभर फोन केले. ज्याने ते आणून दिले त्यास आडनाव कोणी विचारले नाही. आपल्या कित्येकांच्या आप्तांच्या देहाला अग्नी अनोळखी हातांनी दिला. ते हात कोणाचे, हे आपणांस आजही ठाऊक नाही. संकटात आपणांस हे सहज साधते. संकट सरले की स्वयंपाकघरातील कामवाल्या बाईंचा कप पुन्हा वेगळ्या फळीवर जातो, आणि भाड्याने जागा देताना आडनाव पुन्हा विचारले जाते. आम्ही स्वतःही या दोषातून सर्वस्वी सुटलो आहोत असे म्हणवत नाही.

आता शेवटी, ज्याच्यासाठी एवढे बोललो त्या गोष्टीकडे वळतो. उद्याच्या सर्वसाधारण सभेपुढे आपल्या विद्यार्थी वसतिगृहासंबंधी एक ठराव येत आहे. वसतिगृहातील चौथा हिस्सा जागा ज्ञातीचा विचार न करता कोणत्याही गरजू विद्यार्थ्यास द्याव्यात, असा तो ठराव आहे. त्यावरून गेले वर्षभर आपल्यात पत्रापत्री चालली आहे, आणि काही ठिकाणी बोलाचाली थांबण्यापर्यंत पाळी आली आहे. अखिल जगाच्या शांतीवर व्याख्यान ठेवावे आणि आपल्या दोन विश्वस्तांनी एकमेकांस नमस्कारही करू नये, हे आम्हांस बरे दिसत नाही.

विरोध करणाऱ्यांचे म्हणणे आम्ही हलके मानीत नाही. ते म्हणतात, दात्यांनी पैसा आपल्या मुलांसाठी दिला. खरे आहे. ते म्हणतात, आपल्यातच गरीब पुष्कळ आहेत, आधी त्यांचे पाहा. हेही खरे आहे, आणि आपल्या एकाही गरजू मुलास या ठरावामुळे जागा नाकारली जाता कामा नये, अशी दुरुस्ती सुचविली तर आम्ही तिला हात वर करू. परंतु हे वसतिगृह निघाले का, याचा विसर पडू नये. आपली मुले या शहरात शिकावयास आली तेव्हा त्यांना भाड्याने खोली मिळेना; खानावळीत त्यांचे पान पंगतीपासून दूर, दाराशी मांडले जाई. तो अपमान आपल्या संस्थापकांनी स्वतः गिळला होता. ते चिडून घरी बसले नाहीत. त्यांनी घरोघर मूठमूठ धान्य मागून हे घर उभे केले. बंद दाराचे दुःख काय असते ते ज्यांना ठाऊक आहे, त्यांनी बांधलेले हे घर आहे. ज्यांच्यापुढे दारे लागली त्यांनी आपल्या मागून येणाऱ्यांच्या तोंडावर दार लावावे, याहून दात्यांच्या इच्छेचा मोठा भंग आम्हांस सुचत नाही.

ज्ञातिसंस्था मोडावी असे आम्ही म्हणत नाही. ओसरी ही घराचीच असते. पण ती घराबाहेरच्यासाठी असते. ज्या घरास ओसरी नाही, ते घर नव्हे, कोठार होय. आपली संस्था आपल्या मुलांचे पालनपोषण करील, आपल्या वृद्धांची चौकशी करील, वधूवरांच्या गाठी घालील. ते सारे चालू द्यावे. परंतु तिच्या ओसरीवर कोणी पायरीखाली उभा राहू नये. उद्या मत देताना एवढेच मनात आणावे की, दारात कोणी वही घेऊन उभा आहे, आणि आत माजघरात कणगीमागे आपण आपले कोणते लेकरू लपवून बसलो आहोत.

जगाच्या शांतीसाठी आपण आणखी काय करू शकतो? मोठ्या राष्ट्रांची शस्त्रे आपल्या हाती नाहीत. आपल्या हाती आहे तो एक तांब्या, एक पंगत, एक जिना, एक भाड्याची खोली आणि एक मत. उद्याच्या स्नेहभोजनास आपले आचारी, वाढपी, मंडप घालणारे आणि सभागृह झाडणाऱ्या बायका यांची पाने आपल्याबरोबर, आपल्याच पंगतीत मांडावीत, अशी आमची व्यवस्थापकांस नम्र सूचना आहे. वाढण्याचे काम आपण तरुणांनी आणि विश्वस्तांनी करावे. आणि जे दोन विश्वस्त बोलत नाहीत त्यांनी एकाच पंगतीवर वाढावे. एकाने भात आणि दुसऱ्याने वरण घेतले की बोलल्यावाचून चालणार नाही.

  आमच्या दंडावरची ही खूण आमच्याबरोबर जाईल. ती ज्यांच्या दंडावर नाही, त्या मुलांच्या हाती आपले हे घर आणि त्याचे दार सोपवून आम्ही आपली रजा घेतो.

जय हिंद.